यादी अक्षरांनी लागली

विठ्ठलराव रोजच्यासारखे साडेनवाला ऑफिसात आले, चपला दाराबाहेर काढल्या, तिन्ही मशीनींना उदबत्ती ओवाळली, आणि खुर्चीवर बसून परवाच्या कोटेशनची फाइल उघडायला गेले तर पडद्याच्या कोपऱ्यातून एक पिवळी पाटी वर आली. इंग्रजी होती. चष्मा कपाळावरून खाली घेऊन त्यांनी ती दोनदा वाचली. ऑफिसचा हा जो प्रोग्राम आपण वापरत आहात तो अस्सल नाही, आपण कदाचित फसवले गेला आहात, असं ती म्हणत होती. मोठ्या अदबीनं म्हणत होती. बँकेतला नवा कारकून एखाद्या म्हाताऱ्याला वाकून सांगतो, बाबा, ही नोट चालणार नाही, तसं. विठ्ठलराव पाटीकडे बघत राहिले. चोर म्हटलं असतं तर त्यांना एवढं लागलं नसतं. फसवले गेला आहात, हेच खोटं होतं. त्यांना कुणी फसवलं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी पहिलं मशीन जोडून द्यायला आलेल्या माणसानं खिशातून एक सीडी काढली होती, सगळंच टाकून देतो काका म्हणाला होता, आणि विठ्ठलराव 'टाक' म्हणाले होते. त्या 'टाक'चा आवाज त्यांना आत्ता स्वच्छ ऐकू आला. पानवाल्याला चुना टाक म्हणावं तितक्या सहज निघालेला शब्द. चित्रांचा प्रोग्राम त्यांनी पुढे रीतसर घेतला, त्याचा डबा अजून कपाटावर होता. पण पत्रं, याद्या, मजकूर सगळं नऊ वर्षं या टाकलेल्यावरच चाललं होतं, आणि टाकलेली वस्तू हळूहळू आपलीच वाटू लागते तशी ती वाटू लागली होती.

आर्णी रोडवर पहिल्या मजल्यावरचं हे दोन खोल्यांचं ऑफिस. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, तेलाच्या डब्यांची लेबलं, बियाण्यांच्या पिशव्यांची चित्रं, आणि सप्त्यांच्या कार्यक्रमपत्रिका. खालून कापसाच्या गाड्या जात. त्या वर्षी, दोन हजार सहाच्या त्या हिवाळ्यात, गाड्या संकलन केंद्रापुढे दोन-दोन दिवस उभ्या राहत, आणि गाडी रिकामी होईपर्यंत लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन कुणी जिना चढत नसे. जिन्यावर पावलं नसली की विठ्ठलरावांना बाहेरची परिस्थिती कळे. पेपर वाचायची गरज नव्हती. सप्त्यांचं काम मात्र थांबलं नव्हतं. उलट वाढलं होतं. गावं पिकात हरली की नामाकडे वळतात असं नाही, पण एकमेकांजवळ बसायला त्यांना काहीतरी निमित्त लागतं, एवढं विठ्ठलरावांना ठाऊक होतं. आणि आता ते मनातल्या मनात मोजायला लागले, या नऊ वर्षांत या मशीनवर आपण किती वेळा देवाचं नाव ठळक करून मधोमध घेतलं असेल. वर नाव, खाली चोरीचा पाट. त्यांना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच राहिलं.

दीपमाला बाभूळगावच्या बसनं दहाला यायची. डोमाजींची मुलगी, डोमाजी म्हणजे एप्रिलात जयंतीला वस्त्यावस्त्यांवर भीमगीतांची गायनपार्टी घेऊन फिरणारे, आवाज असा की भोंगा बंद पडला तरी शेवटच्या सतरंजीपर्यंत शब्द पोचावा. मुलगी गात नव्हती. सहा वर्षं ती या ऑफिसात होती, एकतिशीची, बोलायला कमी आणि कामाला भारी, आणि विठ्ठलरावांना मनातून वाटे की बापाचा आवाज हिच्या बोटांत उतरला आहे. तिनं पाटी पाहिली आणि उजवीकडच्या फुलीवर टिचकी मारून बंद केली. पाटी गेली. अर्ध्या तासानं पुन्हा आली. दुपारपर्यंत तिन्ही मशीनींवर आली. खरं तर त्या पाटीनं काही बिघडत नव्हतं, काम चालू होतं, आणि गावातल्या झाडून साऱ्या ऑफिसांत ती आलीच असणार, सारे फुली मारून पुढे गेले असणार. पण गुरुवारी मंदिरात कीर्तनाला उभे राहिले तेव्हा विठ्ठलरावांचा टाळ अर्ध्या मात्रेनं मागे पडला. तीस वर्षांत पडला नव्हता. बुक्क्याचा वास, मृदंगाच्या धुमेवरच्या ओल्या कणकेचा वास, पुढे कीर्तनकारांच्या फेट्याचा हलणारा शेमला, सारं जागच्या जागी होतं. बुवा म्हणत होते की देणाऱ्याचा हात दिसत नाही म्हणून घेणाऱ्यानं आपल्या हाताकडे पाहावं, आणि विठ्ठलरावांनी खरंच पाहिलं. शेजारच्यानं कोपर मारलं.

घरी कोकिळाबाई म्हणाल्या, अहो, त्या पाटीपायी जेवण कायले कमी करता, विकतचं घेऊन टाका. तिन्ही मशीनींसाठी विकतचं घ्यायचं तर वर्षभर ते मशीनींसाठीच राबले असते. दुसऱ्या दिवशी दीपमालानं पिशवीतून एक सीडी काढली. नागपूरला कॉम्प्युटरचं तीन दिवसांचं एक शिबिर झालं होतं, तिथे सगळ्यांना वाटली होती. पत्रं, याद्या, तक्ते, सगळं याच्यात करता येतं असं ती म्हणाली, आणि हे कुणा एकाचं नव्हतं. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून ते लिहितात आणि सोडून देतात. वापरा, दुसऱ्याला द्या, उघडून पाहा कसं केलं आहे, सुधारता येत असेल तर सुधारा. फक्त ज्यांनी केलं त्यांची नावं पुसू नका.

"फुकट आहे म्हणजे काहीतरी गोम असन," विठ्ठलराव म्हणाले.

"गोम हाये नं भाऊ," ती म्हणाली. "शिकावं लागते."

त्या दुपारी त्यांना झोप लागली नाही, खुर्चीत डोळे मिटून ते नुसते बसून राहिले आणि त्यांना उमरखेडचे बुवा दिसले. लहानपणी चैत्रात बुवा विठ्ठलरावांच्या घरी पाच दिवस उतरत, बाभूळगावच्या घरी, ओसरीवरच्या बाजेवर. उशाशी लाल फडक्यात बांधलेलं बाड. कीर्तनकाराचं बाड म्हणजे त्याची सगळी दौलत: आख्यानं, चाली, दृष्टांत, कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, सारं हातानं लिहिलेलं. बुवा दुपारी जेवून घोरायला लागले की तेरा वर्षांचा विठ्ठल ते फडकं सोडायचा आणि शाळेच्या वहीत उतरवायचा. पुटपुटत लिहायची सवय होती. तीन दुपारी गेल्या. चौथ्या दुपारी बुवांनी डोळे न उघडता म्हटलं, "एक ओळ गाळली तू." विठ्ठलच्या हातून बाड खाली पडलं. मार बसेल म्हणून त्यानं मान आत घेतली ती अजूनही कधी कधी तशी आत जाते, भीतीनं, अगदी बँकेच्या रांगेतसुद्धा. बुवा उठून बसले. वही मागितली. लाल पेन्सिलीनं एकेक चूक काढली, सतरा निघाल्या. मग म्हणाले, चोरून लिहिणाऱ्याचा एक डोळा दाराकडे असतो रे, म्हणून ओळी सुटतात. मागून घे. मीही मागूनच घेतलं. आणि त्यांनी सांगितलं, कुणाकडून घेतलं, त्यानं कुणाकडून. चार पिढ्यांची नावं सांगितली, ही नावं आधी घ्यायची आणि मग तोंड उघडायचं. चाल बरी सुचली तर घाल आपली. पेटीत मात्र ठेवू नको. मग ती आणि पुढची दुपार ते सावकाश सांगत राहिले, आणि मुलगा उघड्या ओसरीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मोठ्यानं पुटपुटत लिहीत राहिला. तो कीर्तनकार झाला नाही. मागे उभा राहून टाळ धरणारा झाला, आणि अक्षरं मांडणारा. पण उघड्यावर लिहिण्याचं ते सुख, बोटांतली ती सैल ऊब, ती कुठे गेली होती एवढी वर्षं?

"टाक," ते दीपमालाला म्हणाले, आणि तो शब्द तोच असून वेगळा निघाला.

पण तिनं टाकलं नाही. म्हणजे फक्त आपल्या मशीनवर टाकलं, आणि म्हणाली, तीन आठवडे पाहू. विठ्ठलरावांना या बाईचं जे नवल वाटायचं ते इथे. उत्साह तिच्यातही होता, पण तिनं तो मृदंगी सुरुवातीला वाद्य लावतो तसा लावला; वादीच्या घराघरावर हातोडी ठोकत, कान देत, पुन्हा ठोकत. एका वहीत रेघ मारून तिनं दोन बाजू केल्या. तेच पत्र जुन्यात, तेच नव्यात. तोच तक्ता इथे, तोच तिथे. बियाणंवाल्यांकडून आलेली दरपत्रकं नव्यात उघडली तर चौकटीची एक रेघ खालच्या पानावर घसरायची. ती का घसरते हे शोधायला तिला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत तिनं मशीनला दोष दिला नाही, स्वतःला दिला नाही, नुसती डबा खाताखाताही त्या रेघेकडे पाहत राहिली. सापडल्यावर वहीत एवढंच लिहिलं: समास मोजायचं माप वेगळं. आपलं काम त्यांच्या मशीनवर उघडेल अशा रूपात साठवता येतं का हे तिनं चार ठिकाणी पाठवून पाहिलं. जे जमत नव्हतं तेही लिहिलं. जमत नसलेल्या गोष्टी सहा निघाल्या, त्यातल्या दोन विठ्ठलरावांच्या मते कोणालाच कधी लागल्या नसत्या. एकदा तिनं त्या प्रोग्रामच्या पोटातली नावांची यादी उघडून दाखवली. ज्यांनी ज्यांनी हातभार लावला ते सगळे. विठ्ठलराव ती बाणाची कळ दाबत खाली जात राहिले, जात राहिले. उच्चारता येत नव्हती अशी नावं. कुठे अध्यक्ष नाही, प्रमुख नाही, प्रेरणास्थान नाही. मोठ्यानं केलेलं आणि लहानानं केलेलं एकाच मापाच्या अक्षरात, नुसतं अक्षरांच्या क्रमानं. त्यांचे हात आपोआप जुळले, आणि दीपमाला हसली नाही, म्हणून त्यांना ती फार आवडली.

कठीण गेलं ते विठ्ठलरावांच्या बोटांना. जुन्या टाइपरायटरची चाल बोटांत बसलेली. आणि नव्यात मराठी अक्षरांची जागाच निराळी. पण त्यात एक गंमत होती, ती दीपमालानं समजावली तेव्हा ते खुर्चीत मागे टेकून बसले. इतकी वर्षं आपण मशीनला अक्षरांची नुसती चित्रं दाखवत होतो, ती म्हणाली. आतून ती इंग्रजीच समजायची, वरून फाँटचा मुखवटा. "आता तिले क कळते, भाऊ. क नंतर ख येते हेही कळते." विठ्ठलरावांनी एका बोटानं क दाबला. मग ख. इतक्या वर्षांनी कुणीतरी आपली भाषा शिकून दारात उभं राहावं तसं त्यांना वाटलं. एकादशीला त्यांनी तिन्ही मशीनींवरचा जुना प्रोग्राम आपल्या हातानं काढून टाकला. काढू का, असं मशीननं दोनदा विचारलं. दोनदा हो म्हटलं. त्या दिवशी टाळ एकदाही मागे पडला नाही.

आणि मग बोरी अरबच्या पलीकडच्या त्या गावाची सप्त्याची पत्रिका आली. दत्तजयंतीचा सप्ताह, विठ्ठलरावांच्या वर्षाची गाठ तिथे बांधलेली असायची. बावीस वर्षं ते सातही दिवस तिथे टाळ धरून उभे राहत आले होते, कीर्तनकाराच्या मागे, डावीकडून तिसरे. चौथे नथ्थूजी, त्या गावचे, सप्ताह समितीचे जुने माणूस. दोघांत बोलणं असं फारसं कधी झालं नव्हतं. बावीस वर्षं खांद्याला खांदा लावून एकाच मात्रेवर पाय टाकणाऱ्यांना बोलायला काही उरत नाही. त्या सात दिवसांच्या आशेवर विठ्ठलराव बाकीचं वर्ष काढत, हे कोकिळाबाईंना ठाऊक होतं, आणि बहुधा दीपमालालाही.

पत्रिकेत कीर्तनकारांची नावं, वेळा, आणि मागच्या पानावर सेवा देणाऱ्यांची यादी. एकशे त्रेचाळीस नावं. अन्नदान, दिवाबत्ती, मंडप, पाणी. दरवर्षी जुनीच फाइल उघडायची, दोन नावं काढायची, दोन घालायची. यंदा ती नव्यानं टाइप करायला हवी होती. दीपमालानं एका दिवसात केली. एखादं नाव दोनदा आलं आहे का हे पाहायला म्हणून तिनं यादी अक्षरांच्या क्रमानं लावली. एक कळ. एकशे त्रेचाळीस नावं हलली आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली, अ पासून ह पर्यंत, शाळेत प्रार्थनेला उभी राहतात तशी. तिला ते इतकं देखणं वाटलं, आणि इतकं सोयीचं, ज्याला त्याला आपलं नाव चटकन सापडावं असं, की तिनं ते तसंच ठेवलं. तिच्या गावच्या बुद्धविहाराच्या वर्गणीची यादी तशीच लागायची. त्या परदेशी माणसांची यादीही तशीच होती. तिनं प्रूफ काढून विठ्ठलरावांपुढे ठेवलं, आणि विठ्ठलरावांनी ते वाचलं.

नंतर त्यांनी पुष्कळदा आठवून पाहिलं, आपण काय वाचलं. नावं वाचली. एकही नाव चुकलं नव्हतं. पण ते ज्या तंद्रीत वाचत होते ती कीर्तन ऐकतानाची होती, डोळे मिटून मान डोलवायची. पहिला स्वच्छ कागद. कुणाचं काही न लाटता उमटलेलं पहिलं पान. शाईसुद्धा त्यांना निराळी काळी वाटली. खाली सही करून त्यांनी 'छापा' म्हटलं. यादीत शामराव पाटील पार तळाकडे गेले आहेत, हे त्यांच्या डोळ्यांना दिसलंच असणार. बावीस वर्षं पहिलं नाव शामरावांचं आणि त्याआधी त्यांच्या वडिलांचं होतं. त्यांच्या घरच्या पहिल्या पंगतीशिवाय सप्ताह उभा राहत नाही, त्यांच्या मागून कुणी यायचं याचीही ठरलेली पायरी आहे, आणि शेवटची ओळ अंजिराबाईची, ती सात दिवसांच्या समईच्या वाती वळून देते. हे सगळं विठ्ठलरावांना आपल्या घराच्या पायऱ्यांसारखं पाठ होतं. आणि पाठ असलेल्या पायऱ्यांकडे कोण बघतं? पहिल्या ओळीत अंजिराबाई होती. पत्रिकांचे गठ्ठे जीपनं गेले आणि दोन दिवसांत चाळीस गावांना वाटूनही झाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नथ्थूजी जिना चढून आले. जीपमध्ये आणखी दोघं खालीच बसून होते. नथ्थूजींनी पाणी घेतलं, चहा नको म्हटला, आणि पत्रिका टेबलावर उलटी करून ठेवली. मग सावकाश सांगत गेले. शामरावांनी निरोप धाडला होता की यंदा मानाची समई दुसऱ्या कोणाकडून लावून घ्या. पारावर पोरं अंजिराबाईला पाटलीणबाई म्हणून हाका मारत होती, आणि ती बिचारी दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती, वातींचा डबा शेजारणीजवळ पाठवून दिला होता. तीन घरांनी अन्नदान मागे घेतो म्हटलं होतं. सप्ताह परवावर आला होता. विठ्ठलराव ऐकत होते आणि त्यांची मान आत आत जात होती. अंजिराबाईचं ऐकून ते खालीच पाहू लागले. बाकी कुणाचं एवढं नाही, पण तिला वर बसवून आपण तिला घरात कोंडलं.

नथ्थूजी पुढे वाकले. आवाज त्यांनी मुद्दाम हलका केला, आणि त्या हलकेपणात बावीस वर्षांची माया होती. "मशीननं केलं म्हणा, विठ्ठलराव. नवीन आणलं, फुकटातलं होतं, बिघडलं. मी पाटलाले समजावतो. मशीन म्हटलं का ते ऐकून घेते. मशीनीवर कोण रुसते?"

किती सोपं होतं. एक वाक्य. तेही नथ्थूजींनीच तयार करून आणलेलं, उचलून फक्त तोंडात घ्यायचं. मशीनला काय लागणार होतं? आणि ती देशोदेशीची माणसं, त्यांच्या कानावर आर्णी रोडवरचं हे बोलणं कधी जाणार होतं? विठ्ठलरावांच्या जिभेवर ते वाक्य आलंही. डावीकडून तिसरी जागा त्यांना दिसली, पायाखालची ती सारवलेली गार जमीन, पहिल्या अभंगाला सगळ्यांचे टाळ एकदम उघडतात तेव्हा छातीत जी पोकळी होते ती. त्यांनी तोंड उघडलं.

"मशीन बिघडली नाही जी," दीपमाला आपल्या खुर्चीवरून म्हणाली. "मीच लावली तशी. मले मानाचा क्रम माहीत नव्हता."

नथ्थूजींनी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं. कोणत्या गावची विचारलं, कोणाची विचारलं. तिनं दोन्ही सांगितलं, डोमाजींचं नाव सांगताना जरा ताठ होऊन. डोमाजींचं गाणं नथ्थूजींनी कधीतरी ऐकलं असणार. त्यांनी मान हलवली. वाईट असं त्यांनी काहीच म्हटलं नाही. "बाई, तुमच्यावर राग नाही," म्हणाले. मग विठ्ठलरावांकडे वळून, पुन्हा त्याच हलक्या आवाजात, "पण सप्त्याचं काम तुम्ही आपल्या हातानं करत जा. जुन्यावरच. हे असं हिच्याकडं नको."

विठ्ठलरावांना वाटलं, हेच शब्द कुणी ओरडून बोललं असतं तर आपल्याला सोपं गेलं असतं. त्यांनी दीपमालाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते तिच्यासाठी बोलले असं झालं असतं, आणि त्यांना आपल्यासाठी बोलायचं होतं.

"नथ्थूजी, यादी मी वाचली. खाली सही माझी आहे," ते म्हणाले. "चूक असन तर ती माझी, मशीनीची नाही. तुमच्या गावाचा मान तुमच्या गावाचा, त्यात मी कोण? आत्ताच्या आत्ता पुन्हा लावून छापून देतो. अंजिराबाईची माफी मी येऊन मागतो. पण जुनं मी काढून टाकलं. ते परत येणार नाही. आन काम हिच्या हातचंच राहील."

"आन नाही जमलं तर?"

"तर मग काम माझ्याकडून होणार नाही."

नथ्थूजींनी टोपी डोक्यावर नीट बसवली. मग म्हणाले की छपाई ते दारव्ह्याला करून घेतील. आणि पुढचं ते दाराकडे पाहत बोलले. पाटील तापलेले आहेत, यंदा विठ्ठलराव आले नाहीत तर बरं होईल, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. विठ्ठलरावांनी हो म्हटलं. हो म्हणताना त्यांना कुठे काही तुटल्यासारखं वाटलं नाही, तेच भयंकर होतं. सात दिवस. ते मनाशी मोजायला लागले की त्या सात दिवसांत आपण ऑफिसात कोणकोणतं काम काढू शकू, आणि एकही काम आठवेना.

त्यांचं हे चाललेलं असताना दीपमालाच्या बोटांचा आवाज येत होता, मघापासून, एकसारखा. ती रागावून काही करते आहे असं त्यांना आधी वाटलं. पण गेल्या वर्षीची छापील पत्रिका तिनं शेजारी उभी करून ठेवली होती, आणि पडद्यावर एकेक नाव उचलून त्याच्या जागेवर नेऊन ठेवत होती. शामराव पाटील वर गेले. त्यांच्या मागून ज्यानं त्यानं जायचं ते गेले. अंजिराबाई खाली, शेवटच्या ओळीत, वातींच्या शेजारी जाऊन बसली, आणि ते होताना विठ्ठलरावांना आत कुठेतरी बोचलं. एकशे त्रेचाळीस नावांना पुन्हा पायऱ्यांवर बसवणं हे काम त्या पोरीनं किती नीट, किती न चिडता केलं. मशीनीचा खण बाहेर आला. तिनं कोरी सीडी ठेवली, खण आत गेला, घरघर झाली. नथ्थूजी उठून दाराशी गेले होते. ती उठून त्यांच्यापुढे उभी राहिली.

"याच्यात यादी हाये, मागच्या वर्षीच्याच क्रमानं," ती म्हणाली. "दारव्ह्यात त्यांच्या मशीनीवर उघडली नाही तर प्रोग्रामही याच्यातच टाकला हाये. टाकून घ्या म्हणा. चोरीचा नाही, कोणी काही म्हणणार नाही."

काम तोडायला आलेल्या माणसाच्या हातात काम पुरं करून दिलं होतं. "याचं किती?" त्यांनी विचारलं.

"काही नाही जी. आणखी कोणाले लागली तर त्यांनाही द्या."

तिनं सीडी पुढे केली. नथ्थूजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, आणि बावीस वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या सवयीनं, हातात प्रसाद दिला की होतं तसं होऊन त्यांचे हात वर गेले आणि सीडी कपाळाला लागली. लागल्यावर त्यांना कळलं, कोणाच्या हातून घेतलं ते. हात तिथेच थांबले, कपाळाशी. त्यांनी दीपमालाकडे पाहिलं. ती पाहतच होती, डोळे खाली न घेता, न हसता. खाली जीपवाल्यानं हॉर्न दिला. नथ्थूजींनी हात सावकाश खाली आणले, सदऱ्याच्या आतल्या खिशात सीडी ठेवली, आणि वरून तळवा तसाच दाबून धरून, दुसऱ्या हातानं कठडा चाचपत, ते एकेक पायरी जिना उतरत गेले.